उघडून पाहण्याचा हक्क

या पुस्तकात बँकेची खाती रिकामी करणाऱ्यांच्या हकिकती नाहीत. ओटीपी विचारून निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी पळवणाऱ्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण बातम्या त्यांना हॅकर म्हणत असल्या, तरी त्यांचा या विषयाशी संबंध फार थोडा. ओटीपी काढून घेणाऱ्याला यंत्र कसं चालतं हे ठाऊक असावं लागत नाही. माणूस कशाला घाबरतो एवढं ठाऊक असलं की त्याचं काम होतं. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्या माणसांना बंद झाकण दिसलं की चैन पडत नाही. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय, आणि पाहिल्यावर त्यात काही सुधारता येईल का याचा प्रयत्न केल्याशिवाय, ती उठत नाहीत. गेल्या पासष्ट-सत्तर वर्षांत अशा माणसांनी एक संस्कृती घडवली, आणि आज आपल्या खिशातल्या फोनपासून विजेच्या बिलापर्यंत ज्या यंत्रणांवर आपण जगतो त्यांचा मोठा भाग त्या संस्कृतीत जन्मला. तिच्याशी समाजाने कसं वागायचं, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

सुरुवात आगगाड्यांपासून झाली. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये, १९४६ साली विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. त्याची खोली बिल्डिंग २० मध्ये होती. ही लाकडी इमारत १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली, युद्ध संपलं की पाडायची म्हणून. प्रत्यक्षात ती पाडली गेली १९९८ साली. तात्पुरत्या इमारतीचा एक फायदा असतो: भिंतीला भोक पाडलं किंवा छतातून तार ओढली तर कुणी जाब विचारत नाही. क्लबच्या खोलीत एक अवाढव्य टेबल होतं. वर रूळ, पूल, बोगदे आणि छोट्या गाड्या. काही सभासदांचा जीव या वरच्या जगात रमे. डबे रंगवणं, जुन्या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती करणं हे त्यांचं काम. दुसरा गट टेबलाखाली असे. टेलिफोन कंपनीकडून मिळालेले रिले आणि स्विच जोडून या पोरांनी अशी यंत्रणा बनवली होती, की फोनची तबकडी फिरवून कुठली गाडी कुणी चालवायची हे ठरवता येई. हॅकर संस्कृती या टेबलाखालून वर आली.

एमआयटीत तेव्हा आयबीएमचा ७०४ हा मोठा संगणक होता, पण विद्यार्थ्याला त्याच्याजवळ जायची मुभा नव्हती. पंचकार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हाती द्यायचा आणि तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, निकालाची वाट पाहायची. एका कार्डावर चूक निघाली की सगळं पहिल्यापासून. मग १९५८ साली लिंकन लॅबोरेटरीने आपला टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक एमआयटीला दिला. त्याच्यासमोर बसून कळफलकावर टाइप करता येई, आणि प्रोग्रॅम चालू असतानाच त्यात दुरुस्ती करता येई. क्लबचेच जुने सभासद जॅक डेनिस यांनी पोरांना या यंत्रापर्यंत नेलं. दिवसा संशोधकांची गर्दी, म्हणून पोरं रात्री येत. कुणी आपली ठरलेली वेळ चुकवली तर ती मिळावी म्हणून ताटकळत बसत. पीटर सॅमसनने त्या यंत्राच्या स्पीकरमधून सूर काढले. त्याचा उपयोग काय, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण हिशेबासाठी घडवलेल्या यंत्रातून संगीत निघू शकतं, म्हणजेच यंत्राचं काम बनवणाऱ्याने ठरवलं तेवढ्यावर संपत नाही, हे त्या सुरांनी दाखवून दिलं.

१९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने पीडीपी-१ हा संगणक एमआयटीला भेट दिला, आणि १९६२ साली त्याच्यावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. दोन यानं, मध्ये एक तारा, एकमेकांवर मारा. या खेळापेक्षा तो वाढला कसा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रोग्रॅमची कागदी फीत कुणाच्याही हाताशी होती. पार्श्वभूमीवरचे तारे कसेही विखुरलेले आहेत हे सॅमसनला खटकलं, म्हणून त्याने आकाशाचा खरा नकाशा त्यात बसवला. डॅन एडवर्ड्‌सने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलं, आणि खेळाचं स्वरूपच पालटलं. कुणी कुणाची परवानगी घेतली नाही, कुणी विकायचा विचारही केला नाही. पुढे कंपनीच नव्या यंत्रांची चाचणी घेण्यासाठी हा खेळ वापरू लागली.

या मंडळींनी आपले नियम कधी लिहून ठेवले नव्हते. ते पुस्तकात मांडले पत्रकार स्टीव्हन लेव्ही यांनी, १९८४ साली. त्यांचा गाभा असा, की यंत्रापर्यंत जाणाऱ्याची वाट अडवू नये, माहिती मोकळी असावी, आणि माणसाची पारख वय, पदवी, हुद्दा यांवरून न करता कामावरून करावी. हे बोलण्यापुरतं नव्हतं. एमआयटीतल्या एका प्राध्यापकाचा बारा वर्षांचा मुलगा, पीटर डॉइच, टीएक्स-० च्या खोलीत घुटमळू लागला. त्याचं काम चांगलं होतं म्हणून मोठ्यांनी त्याला आपल्यात घेतलं, आणि काही वर्षांत त्याने पीडीपी-१ साठी लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा उभी केली. पुढे याच वर्तुळाने आयटीएस नावाची प्रणाली लिहिली. तिला पासवर्ड नव्हते. कुणीही कुणाची फाइल वाचावी, कुणाच्या पडद्यावर काय चाललं आहे ते पाहावं. यंत्र बंद पाडून मिरवणाऱ्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून त्यांनी काय करावं? यंत्र बंद पाडणारी आज्ञाच सगळ्यांसाठी खुली ठेवली. जे कुणीही करू शकतो त्यात पराक्रम उरत नाही. कुलपाऐवजी विश्वासावर चालणारी ही व्यवस्था बरीच वर्षं टिकली, आणि तिच्याइतकं मोलाचं या संस्कृतीने दुसरं काही घडवलं असेल असं मला वाटत नाही.

तिच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. या खोल्यांत जवळजवळ सगळे मुलगेच होते. कामावरून पारख करणाऱ्यांना, ज्या मुली दारापर्यंतच पोचू शकत नाहीत त्यांची पारख व्हायची कशी, हा प्रश्न पडला नाही. दुसरी उणीव पैशाची. १९६३ पासून या संगणकांचा मोठा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याची आर्पा ही संस्था उचलत होती. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यार्थी निदर्शनं करू लागले तेव्हा त्यांचा रोख ही मंडळी जिथे काम करत त्या एमआयटीतल्या प्रयोगशाळेवरही आला, आणि कुलपांचा तिटकारा असलेली माणसं पोलादी पत्रे ठोकलेल्या दाराआड काम करू लागली. आपलं स्वातंत्र्य कुणाच्या पैशावर उभं आहे, हा प्रश्न त्यांनी टाळला. माझ्या मते आजच्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारे त्यांचे वारसही तो तितकाच टाळतात.

ते जग फुटलं बाजारामुळे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेतले बहुतेक जण नव्या कंपन्यांत गेले, आणि कालपर्यंत एकमेकांना दाखवलेला कोड गुपित झाला. मागे उरलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांना हे सोसलं नाही. प्रयोगशाळेत आलेला नवा लेझर प्रिंटर वारंवार अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या कोडमध्ये त्यांनी अशी भर घातली होती, की कागद अडकला की लोकांना संदेश जाई. नव्याचा कोड कंपनीने दिला नाही, आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: वापरणाऱ्याला वाचता येईल, बदलता येईल, दुसऱ्याला देता येईल अशी संपूर्ण प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्सचा गाभा तिला येऊन मिळाला. त्या गाभ्यावर आज जगातले बहुसंख्य सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन चालतो.

बंद कोडचा जाच आपल्या भाषेने स्वतंत्रपणे भोगला आहे. नव्वदच्या दशकात मराठी छपाई डीटीपीवर आली तेव्हा देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत, आणि कुठलं अक्षर कुठल्या संकेतावर हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली कादंबरी दुसऱ्या संगणकावर उघडली, की पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा सडा. मजकूर लेखकाचा, पण तो वाचायची किल्ली फॉन्ट विकणाऱ्याकडे. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारा युनिकोड आल्यावर हे सगळं जुनं लेखन वाचवायचं तर प्रत्येक फॉन्टचा तक्ता उकलणं भाग होतं. एकेक कळ दाबून कुठलं चिन्ह उमटतं ते नोंदवायचं, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं वेगळी काढायची. त्यानंतर खरी मेहनत सुरू होई. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. म्हणजे ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यायची, आणि ‘कीर्ती’मधला रफार ‘त’च्या आधी आणायचा. असे फॉन्ट कन्व्हर्टर काही हौशी लोकांनी लिहिले आणि फुकट वाटले. त्यांतल्या कुणाला आपण हॅकर म्हटलं नसेल, पण टीएक्स-० च्या खोलीतल्या पोरांनी त्यांना चटकन ओळखलं असतं. फायरफॉक्ससारखे प्रोग्रॅम मराठीत आले ते स्वयंसेवकांच्या हातून. पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत लिनक्सप्रेमींच्या मदतीने भरणाऱ्या ग्नूनिफाय संमेलनाने या कामाला माणसं मिळवून दिली.

आता नाजूक भागाकडे येतो. दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्राचं झाकण उघडलं तर?

हॅम्बुर्गमधली १९८४ ची घटना आहे. पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने बीटीएक्स नावाची सेवा काढली होती. पडद्यावर पानं पाहायची, काही पानांसाठी पैसे मोजायचे, आणि सगळं सुरक्षित आहे अशी खात्याची ग्वाही. केऑस कॉम्प्युटर क्लबच्या वाउ हॉलंड आणि स्टेफेन वेर्नेरी यांनी हॅम्बुर्गच्या बचत बँकेची ओळख आणि पासवर्ड हाती येताच बँकेच्या नावाने आपलंच पैसे आकारणारं पान रात्रभर पुन्हापुन्हा उघडत ठेवलं. सकाळपर्यंत सुमारे १,३५,००० मार्क क्लबच्या नावे जमा झाले. त्यांनी पत्रकारांना बोलावून सगळा प्रकार सांगितला आणि पैसे घेतले नाहीत. त्या पाठोपाठ २ नोव्हेंबर १९८८ ची अमेरिकेतली घटना आठवावी. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने नेटवर्कवर आपोआप पसरणारा एक छोटा प्रोग्रॅम सोडला. समोरचं यंत्र ‘मी आधीच बाधित आहे’ म्हणालं तरी सातातून एकदा पुन्हा शिरायचं, असं त्याने त्यात लिहिलं होतं. प्रमाण चुकलं आणि हजारो यंत्रं गुदमरली. नाश करायचा हेतू नव्हता, तरी त्याला शिक्षा झाली, आणि ती व्हायला हवी होती असं माझं मत आहे. हॉलंड यांनी आपण काय केलं हे स्वतः चव्हाट्यावर मांडलं. मॉरिसचा प्रोग्रॅम आपण कुठून आलो हे लपवत पसरला. कुतूहल दोघांचं सारखं असेल. लोकांपुढे उभं राहायची तयारी सारखी नव्हती.

ही तयारी सर्वांत गंभीरपणे कसाला लागली ती मतदान यंत्रांच्या बाबतीत. नेदरलँड्‌समध्ये नेडॅप कंपनीची यंत्रं देशभर वापरात होती. रॉप खोंगराइप या जुन्या हॅकरने सहकाऱ्यांसह अशी यंत्रं मिळवून उघडली आणि २००६ साली दूरचित्रवाणीवर दाखवलं, की आतली चिप बदलून मतांचा निकाल बदलता येतो. हे यंत्र फक्त मतदानाचं काम करू शकतं, असा उत्पादकाचा दावा होता. त्यांनी त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवलं. शिवाय यंत्राच्या पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी काही मीटरवरून पकडून मतदार कुठल्या पक्षाच्या नावावर थांबला हे ओळखता येत होतं, कारण एका पक्षाच्या नावातल्या स्वरचिन्हांकित अक्षराने लहरींमध्ये फरक पडत असे. सरकारने चौकशी केली, यंत्रांची मान्यता गेली, आणि २००८ साली कागदी मतपत्रिका आणि लाल पेन्सिलीकडे परतायचं ठरलं. शेजारच्या जर्मनीत ३ मार्च २००९ रोजी घटना न्यायालयाने तसल्याच यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचं म्हणणं असं, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत. उघडून पाहण्याचा जो हक्क हॅकर आपल्या कौशल्याच्या जोरावर घेत आले, तो या निकालाने कौशल्य नसलेल्यांनाही दिला.

भारतात २०१० साली हैदराबादचे अभियंता हरी के. प्रसाद, अमेरिकी प्राध्यापक जे. अ‍ॅलेक्स हॉल्डरमन आणि खोंगराइप यांनी एका प्रत्यक्ष वापरातल्या ईव्हीएमचा अभ्यास जाहीर केला. यंत्र हाती आलं तर निकाल दाखवणारा भाग बदलता येतो, किंवा स्मृतीच्या चिपला छोटं उपकरण लावून साठवलेली मतं बदलता येतात, असं त्यांनी दाखवलं. निवडणूक आयोगाचं उत्तर होतं की आपली यंत्रं कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नसतात, सीलबंद आणि पहाऱ्यात असतात, त्यामुळे प्रत्यक्षात असं करणं शक्य नाही. हा प्रतिवाद हलका नाही, आणि आपल्या निवडणुकांत यंत्रांद्वारे घोटाळा झाला असं मी इथे म्हणत नाही. मला सलतं ते पुढचं. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातलं होतं, म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांनी प्रसाद यांना हैदराबादेतून अटक करून आणलं. यंत्र कुणी दिलं हे सांगायला त्यांनी नकार दिला. यथावकाश त्यांना जामीन मिळाला. नेदरलँड्‌समध्ये जाहीर चौकशी झाली, इथे अटक झाली. मतदाराला आपलं मत कागदावर पाहता यावं ही मागणी मात्र राजकीय पक्ष आणि याचिकाकर्त्यांनी लावून धरली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी चिठ्ठी मतदाराला दाखवणारं व्हीव्हीपॅट टप्प्याटप्प्याने आणायचा आदेश दिला, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती चिठ्ठी प्रत्येक मतदान केंद्रावर पोचली. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक चिठ्ठी मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. वाद संपलेला नाही, आणि तो कागदपत्रं समोर ठेवून चालावा अशी माझी इच्छा आहे.

झाकण उघडं असलं की सगळं सुरक्षित, असंही समजू नये. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जगापुढे मांडलं, की लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत जाणाऱ्या एक्सझेड या छोट्या साधनात कुणीतरी चोरदार बसवलं आहे. ‘जिया टॅन’ या नावामागची व्यक्ती दोन वर्षांहून जास्त काळ मन लावून काम करत राहिली होती आणि थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास तिने मिळवला होता. आयटीएसच्या काळापासून चालत आलेल्या विश्वासाचाच तिने शस्त्रासारखा वापर केला. फ्रॉइंड यांना संशय आला तो लॉग-इनला लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे. कोड खुला असल्याने ते मुळापर्यंत पोचू शकले. पण ज्या साधनावर एवढं जग विसंबून होतं त्याची देखभाल एक माणूस फावल्या वेळात, बिनपगारी करत होता, हे त्या घटनेचं जास्त अस्वस्थ करणारं अंग आहे.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत संगणकाचे विद्यार्थी असतील, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. समजा, महापालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पत्त्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्याची माहिती दिसते, असं तुमच्या लक्षात आलं. सर्ट-इन या सरकारी संस्थेला ते कळवता येतं. पण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं भरपाईला पात्र आहे, मग उद्देश कुठलाही असो. कलम ६६ खाली गुन्हा ठरायला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हेतू शुद्ध होता हे न्यायालयात ठरेल, पण तोवर लॅपटॉप जप्त झालेला असेल आणि परीक्षा बुडालेली असेल. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये जाहीर केलं, की सद्‌भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनावर संगणक गुन्ह्याच्या कायद्याखाली खटले भरू नयेत. आपल्या कलम ४३ ला तसा अपवाद जोडला जावा: दोष शोधणाऱ्याने माहिती पळवली नाही, नुकसान केलं नाही आणि ठराविक मुदतीत संबंधितांना कळवलं, तर त्याच्यावर कारवाई होणार नाही. या मागणीचा मसुदा कसा असावा याची चर्चा शेवटच्या प्रकरणात आहे, आणि वकिलांनी ते प्रकरण आधी वाचलं तरी माझी हरकत नाही.